आमच्या दारातली गोल खडी

खडी ही पसंत करून आणायची वस्तू आहे, हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत माझी समजूत अशी, की खडी रस्त्याच्या कडेला ढिगाने पडलेली असते आणि स्कूटर घसरून तिच्यावर पडणं एवढाच आपला तिच्याशी संबंध. पण आमच्या फाटकापासून घराच्या दारापर्यंतच्या साठ फूट मातीच्या वाटेवर काहीतरी घालायचं ठरलं, आणि मी खडीच्या नादी लागलो. 'नादी लागलो' हे शब्द माझ्या बायकोचे आहेत. मी त्याला अभ्यास म्हणतो.

घालायचं कारण आई. आई माझ्या थोरल्या भावाकडे, म्हणजे दादाकडे असते. गेल्या वर्षी ती आमच्याकडे आठ दिवस राहायला म्हणून आली, फाटकाशी गाडीतून उतरली आणि दोनच पावलांत तिची चप्पल चिखलात रुतून बसली. चप्पल उपटायला मी खाली वाकलो, तिचा आधार गेला आणि आई अलगद चिखलात बसली. लागलं काही नाही. पण ती तशीच गाडीत चढली आणि दादाकडे परत गेली. "तुझ्या घराला नावं ठेवत नाही रे मी," गाडीच्या काचेतून ती म्हणाली, "पण घरात यायचं तर आधी दारापर्यंत पोचता तरी आलं पाहिजे." त्यानंतर ती आलेली नाही. दादाच्या दारात फरशी आहे, चकचकीत. तो हे कधी बोलून दाखवत नाही, आणि बोलून दाखवत नाही हेच मला जास्त झोंबतं.

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. "घराला रंग काढतोय. आईला वासाने खोकला होईल. पंधरा दिवस तुझ्याकडे पाठवली असती, पण..."

त्या 'पण'च्या पुढे आमचा चिखल होता. मी म्हटलं, "पाठव. तीन आठवड्यांनी पाठव. रस्ता तयार असेल."

आईसाठी म्हणून ठेवलेली खोली वर्षभर रिकामी होती. बायको तिथली चादर दर शनिवारी बदलायची आणि त्याबद्दल आम्ही दोघंही काही बोलायचो नाही. आता ती खोली भरणार होती, आणि भरली तर भरलेलीच राहावी असं मला फार मनापासून वाटत होतं. हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण त्रेपन्नाव्या वर्षी असं सांगायला लाज वाटते.

"फरशी घालून टाका," बायको म्हणाली. "दादांच्या दारात आहे तशी."

'दादांच्या दारात' म्हटल्याबरोबर फरशी बाद झाली.

मी ग्रंथपाल आहे. बत्तीस हजार पुस्तकं माझ्या ताब्यात आहेत आणि त्यातलं कोणतंही मी कपाटाकडे न बघता काढून देतो. आता पुस्तक आणि दगड यांत फरक आहे, हे मला कळतं. पण ज्याला वर्गवारी करता येते त्याला कशाचीही करता येते, असा माझा विश्वास होता. ग्रंथालयातल्या बागकामाच्या एका पुस्तकात एक चित्र सापडलं: पांढरं घर, हिरवी कुंपणं आणि मधून गेलेली खडीची वाट. वाटेवर एक मांजर बसलं होतं. त्या मांजराच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की मी ते पुस्तक स्वतःच्याच नावावर घरी आणलं.

आमच्या शेजारी अनुभवी राहतात. त्यांचं खरं नाव पाटीवर आहे, पण त्यांचं प्रत्येक वाक्य 'माझा अनुभव सांगतो' असं सुरू होत असल्यामुळे सगळी गल्ली त्यांना अनुभवी म्हणते. त्यांचं घर थेट रस्त्याला लागून आहे. दारात वाट, अंगण, काही म्हणजे काही नाही. तरीसुद्धा त्यांना खडीचा अनुभव होता.

"माझा अनुभव सांगतो, खडी नेहमी कमी पडते," ते म्हणाले. "लागेल त्याच्या दुप्पट मागवा. आणि स्वतः जाऊन बघा. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. तो विकायला बसलाय."

खडीचं आवार गावाबाहेर होतं. खडीवाला खुर्चीवर बसून एका पायाने दुसऱ्या पायाची धूळ झाडत होता. त्याच्यामागे लहानमोठे सात ढीग.

"कशाला पाहिजे?"

"घराच्या वाटेला."

"खाली मुरूम टाका, रोलर फिरवा, वर ही वीस एमएमची पसरा, पुन्हा रोलर फिरवा. झालं काम."

मला दोन मिनिटांत काम संपवणारी माणसं आवडत नाहीत. कपाटासमोर दहा मिनिटं उभं न राहता पुस्तक मागणारा वाचक आणि ढिगाकडे न बघता खडी सुचवणारा दुकानदार, दोघांबद्दलही माझं मत वाईट आहे. "बाकीचे प्रकार काय वाईट आहेत?" मी विचारलं.

"वाईट कुठलाच नाही. पण तोडलेल्या दगडाला कोन असतात. कोनात कोन अडकला की खडी बसते. तो तिकडचा गोल गोटा आहे ना, तो शोभेचा. झाडाच्या बुंध्याशी टाकतात. तो बसत नाही. पळतो."

हे मी वहीत लिहून घेतलं. लिहून घेतलेलं पुन्हा कधी वाचायचं नाही, हा माझा जुना दोष आहे. "सातही प्रकारांची एकेक ओंजळ द्या," मी म्हटलं.

"ओंजळ?" खडीवाल्याने पाय झाडणं थांबवलं. "साहेब, इथे डंपर भरतात."

मी नमुने घेऊनच निघालो. घरी येऊन सातही नमुने स्वयंपाकघरात स्वच्छ धुतले, सात काचेच्या वाट्यांत घातले, वर पाणी ओतलं आणि प्रत्येकापुढे ग्रंथालयाचं एकेक कार्ड ठेवलं. 'क्र. १. काळा, टोकदार. स्वभाव उग्र.' 'क्र. ४. करडा. विशेष काही नाही.' 'क्र. ६. गोल, पाच रंगांत. प्रसन्न.' पाण्यात सहावा नमुना असा काही चमकत होता, की मी दोन वेळा दिवा लावून आणि दोन वेळा मालवून पाहिला.

"या वाट्यांत माणसं जेवतात," बायको म्हणाली.

"दोन दिवसांचा प्रश्न आहे."

"आणि आईंना यातलं काय सोयीचं, ते विचारलंत का?"

"आईला आश्चर्याचा धक्का द्यायचाय," मी म्हटलं. पुढे तो बसला, पण आईला नाही.

रविवारी सकाळी निवड समिती बसली. मी, बायको, अनुभवी आणि समोरच्या दातांच्या डॉक्टर. डॉक्टरांना मी बोलावलं नव्हतं. आमच्या घरात दगड धुतले जातात हे त्यांना खिडकीतून दिसलं होतं आणि त्यांना राहवलं नाही. चाचणी अगदी शास्त्रशुद्ध ठेवली होती: सात परातींत सात नमुने, प्रत्येकाने अनवाणी उभं राहायचं आणि दहापैकी गुण द्यायचे. पहिल्या नमुन्यावर अनुभवींनी पाय ठेवला आणि तोंडातून असा शब्द काढला, की डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागल्या. चौथ्यावर कोणालाच काही वाटलं नाही. सहाव्यावर अनुभवी उभे राहिले आणि उतरेचनात.

"माझा अनुभव सांगतो," डोळे मिटून ते म्हणाले, "याने रक्त खेळतं."

"दाढा अशा असायला हव्यात," डॉक्टर म्हणाल्या. "कुठे कोपरा नाही, काही अडकायला नको." सहाव्या नमुन्याला चाळीसपैकी सदतीस गुण पडले. तीन बायकोने कापले, आणि कारण विचारल्यावर तिने परात घासायला नेली.

दाराच्या वाटेवर कोणी अनवाणी चालत नाही, हे त्या सकाळी चौघांपैकी एकालाही सुचलं नाही. जिच्यासाठी हा सगळा घाट घातला होता, ती वॉकर घेऊन चालते, आणि त्या वॉकरला पुढे दोन लहान चाकं आहेत, हेही सुचलं नाही.

डंपर फाटकातून आत येत नाही, म्हणून खडी आधी रस्त्यावर उतरवायची; आणि रस्त्यावर काही उतरवायचं तर नगरपालिकेचा परवाना लागतो. तो खिडकी नंबर तीनवर मिळतो. खिडकीत बसलेले गृहस्थ इतके सौम्य होते, की त्यांच्याशी भांडताना आपलीच आपल्याला लाज वाटावी. त्यांनी माझा अर्ज तीनदा वाचला.

"वापर लिहिलेला नाही."

"खडीची वाट करायचीय."

"रकान्यात चारच आहेत: फरशी, काँक्रीट, डांबर, साठा."

"मग पाचवा घाला."

"तो मला घालता येत नाही." त्यांनी चष्मा पुसला. "असं करू. तुम्ही खडी आणणार."

"हो."

"पसरून ठेवणार."

"हो."

"कशाने चिकटवणार का?"

"खडी चिकटवत नाहीत."

"मग तो साठाच झाला. पसरट साठा." त्यांनी तसं लिहूनही टाकलं. "साठ्याला पंधरा दिवस मुदत. सोळाव्या दिवशी उचलावा लागेल. नाहीतर आमची गाडी येऊन उचलते."

मी चवताळलो. माझ्या सौम्यपणाचा नमुना ग्रंथालयात गेली पंचवीस वर्षं सगळ्यांनी पाहिलाय, पण माझ्या घराच्या वाटेला कोणी पसरट साठा म्हणावं? "उद्या पुस्तकांच्या कपाटाला रद्दीचा उभा साठा म्हणाल!" मी म्हटलं. त्यांना ते पटण्यासारखं वाटलं असावं, कारण त्यांनी मान हलवली.

"त्यावर उपाय आहे," ते म्हणाले. "साठा नसून रस्ता आहे, असा अर्ज द्या. पंधराव्या दिवशी मी स्वतः पाहणीला येईन. बाहेरून आलेलं माणूस फाटकापासून दारापर्यंत पायी गेलेलं मला दिसलं, की रस्ता. घरचं माणूस चालत नाही. घरचे काय, कशावरूनही जातात."

पंधरावा दिवस कॅलेंडरवर पाहिला. गुरुवार. आई यायची होती त्याच दिवशी.

डंपर दोन दिवसांनी आला आणि माझा पहिला अपमान सुरू झाला. मागच्या फळीवर चढून मी आत पाहिलं. आत धुळकट, राखाडी, निस्तेज गोटे. "ही माझी खडी नाही," मी म्हटलं. "मी सहा नंबर सांगितली होती. पाच रंगांची. चमकणारी."

डंपरवाला खाली उतरला. एक गोटा उचलला, आपल्या बाटलीतलं पाणी त्याच्यावर ओतलं आणि माझ्यासमोर धरला. पाच रंग चमकत होते.

"ही?"

"ही."

"मग रोज पाणी मारत जा," तो म्हणाला आणि गाडीत चढला. बायको ओट्यावर उभी होती आणि सगळं ऐकत होती. ती काही बोलली नाही. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली की माणसाला न बोलणंसुद्धा नीट ऐकू येतं.

आमच्या फाटकासमोर विजेचा खांब असल्यामुळे डंपरवाल्याने खडी अनुभवींच्या दारात ओतली. दुप्पट मागवलेली. ढीग त्यांच्या कडीपर्यंत गेला आणि दार बाहेरून बंद झालं. त्यांच्या खिडकीतून मला फक्त त्यांचा चेहरा दिसत होता. गेल्या अकरा वर्षांत प्रथमच त्यांना काय सांगावं ते सुचत नव्हतं. शेवटी खडीवाल्याच्या दोन माणसांनी दुपारपर्यंत फावड्याने ढीग उपसून आमच्या वाटेवर पसरला आणि अनुभवी बाहेर आले. "मुरूम कुठाय? रोलर?" त्या माणसांनी विचारलं. मी म्हटलं, खालचं कोण बघतंय? तशी ती दोघं एकमेकांकडे बघून हसली. ते कौतुकाचं हसू असावं असं मी त्या वेळी धरून चाललो.

तर आता आमच्या दारात फूटभर जाडीचा गोल गोट्यांचा थर होता, आणि तो जागेवर राहत नव्हता. पाऊल टाकलं की ते घोट्यापर्यंत खाली जायचं आणि दुसरं टाकेपर्यंत पहिलं मागे सरकायचं. ग्रंथालयात निघालो की फाटकापर्यंत पोचायला आधी एक मिनिट लागायचं, तिथे आता सहा लागू लागली. स्कूटर आत घेतली तर ती पोटापर्यंत रुतली आणि स्टँड न लावता उभी राहिली. पोस्टमनने पहिल्या दिवशी सायकल आत घातली. दुसऱ्या दिवसापासून तो फाटकातून पत्रं फेकू लागला, आणि त्याचा नेम चांगला नव्हता. फाटक आतल्या बाजूला उघडायचं, ते गोट्यांमुळे उघडेना. मग सकाळी बायको आतून गोटे ओढायची आणि मी बाहेरून फाटक ढकलायचो. "मांजर येऊन बसेल एक दिवस," मी म्हणालो. मांजर एकदा आलं. त्याने पंजा ठेवून पाहिला आणि कुंपणावरून निघून गेलं.

मंगळवारी संध्याकाळी बायको ओट्यावर भाजी निवडत बसली होती. वाटेकडे बघत ती म्हणाली, "अहो, आईंचा वॉकर यावरून कसा जाणार?"

मी ऐकलं. मला ते इतकं स्वच्छ ऐकू आलं, की मी खाली बसलो. मग उठलो, माळ्यावरची चाकांची बॅग काढली आणि फाटकाशी नेऊन ओढून पाहिली. चाकं फिरली नाहीत. ती फक्त खाली खाली गेली आणि बॅगेने आपल्यामागे नांगरल्यासारखी खोल रेघ काढली. साठ फुटांची रेघ काढून मी दारात आलो तेव्हा बायकोने भाजी बाजूला ठेवली होती. "राहू द्या," ती म्हणाली, "आता चिडू नका स्वतःवर." तिने चिडून बोलायला हवं होतं. मग मला सोपं गेलं असतं.

खडीवाल्याला फोन केला. "कोनांची घेऊन या. ही उचला. उद्याच्या उद्या."

"गाडी रविवारी मोकळी होते, साहेब," तो म्हणाला. "मी सांगितलं होतं. पळतो म्हणून."

वहीत होतं. त्याच्याच शब्दांत, तारखेसकट, अधोरेखित.

बुधवारी अनुभवी धावून आले. त्यांच्याकडे जुन्या पलंगाच्या तीन लांब फळ्या होत्या. "माझा अनुभव सांगतो, फळ्या टाका, वर वॉकर चालवा, पाण्यासारखा जाईल." आम्ही फळ्या टाकल्या. खात्री करून घ्यायला अनुभवी स्वतः पहिल्या फळीवर चढले. गोल गोट्यांवरची फळी त्यांना घेऊन सरळ न जाता डावीकडे निघाली, आणि अनुभवी दोन्ही हात पसरून, अत्यंत गंभीर चेहऱ्याने, उभ्या उभ्या कुंपणात गेले. समोरच्या खिडकीतून डॉक्टरांनी विचारलं, दात शाबूत आहेत ना. दात शाबूत होते. फळ्या परत गेल्या.

मग मी दादाला फोन लावला. आई आजारी पडेल, खडी ताजी आहे, पुढच्या आठवड्यात बघू, असं काहीतरी सांगायचं ठरवलं होतं. माझी मान खाली जायची तेवढी जाणारच होती. निदान आईला पुन्हा फाटकातून परत जावं लागू नये.

"बरं झालं फोन केलास," दादा म्हणाला. "ती कालपासून बॅग भरून बसलीय. दर तासाला विचारते, उद्याच ना रे? काय म्हणत होतास?"

"काही नाही," मी म्हटलं. "किती वाजता निघताय?"

गुरुवारी अकरा वाजता दादाची गाडी फाटकाशी थांबली. त्याच वेळी कोपऱ्यावरून खिडकी नंबर तीनचे साहेब काखेत फाइल घेऊन येताना दिसले. दादा उतरला, त्याने वाटेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलला नाही. आई उतरली. तिने वॉकर पुढे ठेवला. चाकं गोट्यांत शिरली आणि वॉकर पुढे वाकला. तिने तो उपसला, पुन्हा ठेवला. पुन्हा शिरला. एवढ्या खटाटोपात ती हातभर पुढे गेली असेल.

"काय आहे हे?" तिने विचारलं.

"खडी," मी म्हटलं. "तुझ्यासाठी."

"मी उचलून नेतो आईला," दादा म्हणाला.

"उचलून चालणार नाही," साहेब अदबीने म्हणाले. "पायी पाहिजे."

"हे कोण?" आईने विचारलं. आता सांगणं भाग होतं. मी सगळं सांगितलं: साठा, रस्ता, पंधरा दिवस, उचलणारी गाडी. आईने शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या लहानपणी ती माझं प्रगतिपुस्तक बघायची तसं.

"म्हणजे दारापर्यंत कोणी गेलं नाही, तर याचा रस्ता काढून नेणार तुम्ही?"

"नियम आहे, आजी. आणि ते माणूस बाहेरचं पाहिजे." साहेबांनी फाइल उघडली. "आपण इथेच राहता का?"

हो म्हणाली तर रस्ता गेला. आणि नाही म्हणाली, तर मला ते माझ्याच फाटकात उभं राहून ऐकायचं होतं.

"नाही," आई म्हणाली. "मी थोरल्याकडे असते."

तिने वॉकर उचलला आणि दादाच्या हातात दिला. "धर हे." मग माझा दंड पकडला. "सूनबाई, तू दार उघडून उभी राहा. आणि तू माझ्या पायांकडे बघत बसू नकोस. पुढे बघ."

आम्ही निघालो. एक पाऊल टाकायचं, गोटे सरकायचे थांबले की दुसरं टाकायचं. माझ्या दंडात तिची बोटं रुतली होती. दर चार पावलांनी ती थांबायची आणि एखाद्या गोट्याला नावं ठेवायची. "हे काय लिंबू आहे का?" "पैलवानाला घालायचे हे, माणसाला नाही." मध्येच ती डावीकडे कलली आणि मीही तिच्याबरोबर वाकलो. "काही होत नाही," तीच म्हणाली. "तू ताठ राहा." सहा मिनिटांची वाट आम्हाला वीस मिनिटं पुरली. ओट्यावरच्या खुर्चीत आई बसली तेव्हा बायकोने तिचे दोन्ही हात धरले आणि डोळे पुसले.

साहेब फाटकातून ओरडले, "आजी, नोंदीत 'ये-जा' असा शब्द आहे. ये झाली. जा कधी करणार?"

"जा?" आईने साठ फुटांकडे पाहिलं. "या दगडांवरून परत? मी नाही बाई जात."

"अगं आई, पंधरा दिवसांनी मी येतोच न्यायला," दादा फाटकातून म्हणाला.

"पंधरा दिवसांत दगड काय मऊ होणार आहेत? इथवर आले तेवढं पुष्कळ झालं. मी इथेच राहते आता."

साहेबांचं पेन थांबलं. "राहता म्हणजे मग घरच्या झालात की," ते दुःखाने म्हणाले. "बाहेरचं माणूस कोण?"

सगळे दादाकडे बघू लागले. दादाच्या पायांत नवे काळे बूट होते आणि हातात वॉकर. त्याने खाली पाहिलं, एक उसासा टाकला आणि निघाला. तिसऱ्या पावलाला तो डगमगला, आठव्याला त्याने वॉकर भालदारासारखा पुढे रोवला, आणि अर्ध्या वाटेत तो मोठ्याने म्हणाला, "कोणी निवडली रे ही खडी?" आजवर त्याने मला पहिल्यांदा काहीतरी बोलून दाखवलं होतं, आणि मला फार बरं वाटलं. तो चहा पिऊन, दमून, तसाच डगमगत परत गेला. ये आणि जा, दोन्ही झालं. साहेबांनी 'साठा' खोडून 'रस्ता' लिहिलं.

रविवारी सकाळी मी बाजारातून येत होतो. लांबूनच मला आमच्या फाटकाशी आई उभी दिसली. एकटी. हातात वॉकर नाही, काठी नाही, एक हात कंबरेवर, आणि ती अनुभवींना घर कसं आवरावं ते सांगत होती. ते 'माझा अनुभव' एवढं म्हणायचे आणि ती पुढचं बोलायची. मी दहा पावलांवर आलो तेव्हा तिने मला पाहिलं. लगेच तिचा हात फाटकाच्या गजाकडे गेला आणि चेहरा थकला.

"आलास का? चल बाबा, धर मला," ती म्हणाली. "या दगडांवरून मला एकटीला कुठलं चालवतंय."

मी पिशव्या खाली ठेवल्या आणि दंड पुढे केला. एवढ्यात मागे डंपर येऊन थांबला. खडीवाला स्वतः आला होता. "कोनांची आणलीय, साहेब. एक नंबर माल. ही गोल काढून नेतो, रोलर पण आणलाय. दोन तासांत सपाट करून देतो. आजी काय, लहान पोरसुद्धा पळत जाईल."

आईने माझा दंड घट्ट धरला. ती माझ्याकडे बघत नव्हती.

मी काही बोलायच्या आत ओट्यावरून बायकोचा आवाज आला. गेले दोन आठवडे ती त्या गोट्यांना शिव्या घालत होती.

"त्यांना म्हणावं, नको," ती म्हणाली. "आम्हाला हीच हवी आहे."